यात्रेला न लावलेलं रीळ

मंचरचे पाव्हणे दुपारून सुपारी फोडायला येणार होते आणि औटींच्या घरात नाष्टा झाल्या झाल्या सिनेमा लागला होता. सुपारीच्या दिवशी सिनेमा हे कुणालाच पटलं नव्हतं. पण आबांना बघायचाय म्हटल्यावर विषय मिटला.

सिनेमाही साधासुधा नव्हता, 'बंडाचा शिनिमा' होता. त्याला दुसरं नाव होतं, सीडीच्या खोक्यावर ते भलंमोठं छापलेलंही होतं. पण औटींनी पंचेचाळीस वर्षांत ते वापरलं नव्हतं आणि आता वापरायचं काही कारण नव्हतं. गोष्ट घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. सरकारी फौजेचा तरणा सुभेदार आणि डोंगरात बंड करून बसलेल्या म्होरक्याची लेक. तो गड घ्यायला आलेला, ती गड राखायला उभी. दोघांचं जमतं. शेवटी गडाचा दरवाजा उघडतो, दोन्ही फौजा आ वासून बघत राहतात आणि लग्न लागतं.

कुळकायदा आला त्याच्या पुढच्या चैत्रात, भैरवनाथाच्या यात्रेत, तंबूमध्ये हौशीराम औटींनी म्हणजे आबांनी तो पाहिला. गावातही तेव्हा बंडच चालू होतं. आबांचे वडील, नाना, यांची जमीन जी कुळं कसत होती ती म्हणायला लागली होती, आता जमीन आमची. नाना दिवसभर काठी मांडीवर घेऊन दारात बसत. आणि आबांनी त्याच साली, त्याच कुळांपैकी एकाची पोरगी करून आणली, साळुबाई. कशाच्या जोरावर, तर सिनेमाच्या. "शिनिमात झालं, मग आपलं का न्हाई व्हनार?" हे वाक्य आबा तेव्हापासून प्रत्येक लग्नात बोलत आले, प्रत्येक बारशाला बोलत आले, आणि एकदा तर नदीच्या घाटावर दहाव्यालाही बोलले होते. लोकांनी ऐकून घेतलं. म्हातारं माणूस.

आरतीचा, म्हणजे आबांच्या नातीचा, सगळा डाव या एका वाक्यावर होता.

मंचरचा मुलगा चांगला होता. चाकणला कंपनीत होता, निर्व्यसनी होता, फोटोत हसत होता. फक्त तो समाधान नव्हता. समाधान रखमाजी हाडवळेंचा मुलगा आणि रखमाजी म्हणजे गावातलं दुसरं बंड. शहाण्णव साली रखमाजी निम्म्या गावाचे दुधाचे कॅन उचलून डेअरीतून बाहेर पडला. आरतीचे वडील सुदर्शन डेअरीचे चेअरमन. त्यांनी संचालकांच्या यादीतून ऐनवेळी आपलं नाव कापलं असं रखमाजी सांगे. त्यानं स्वतःच माघार घेतली असं सुदर्शन सांगे. रखमाजीनं रस्त्याच्या पलीकडे, बरोब्बर समोर, स्वतःची डेअरी काढली. दोन्हींचं नाव भैरवनाथ. देव कुठल्या बाजूचा हे अजून ठरलेलं नव्हतं. तेव्हापासून या डेअरीची माणसं त्या डेअरीवाल्याच्या लग्नाला जात नसत, मयताला लांब उभी राहत. म्हैस विकायची झाली तरी गिऱ्हाईक आधी विचारी, कुठल्या डेअरीची?

रस्त्याच्या अलीकडे, औटींच्या घराला लागूनच असलेल्या डेअरीत, दुधाचं फॅट काढायला आरती बसायची, पलीकडे समाधान. सकाळ-संध्याकाळ मध्ये फक्त रस्ता. गेल्या पावसाळ्यात पलीकडचं मशीन बंद पडलं, तेव्हा समाधान परसदारातून बाटल्यांत नमुने घेऊन आला आणि चेअरमनच्या मुलीनं चेअरमनच्या मशीनवर बंडखोरांच्या दुधाचं फॅट काढून दिलं. आठवडाभर. सापडली तेव्हा सुदर्शननं घर डोक्यावर घेतलं. त्यातून आरतीनं खरं बोलायची चूक केली. म्हणाली, "अण्णा, त्यांचं फॅट आपल्यापेक्षा जास्त लागतंय." त्याच महिन्यात मंचरचं स्थळ आलं.

सीडी समाधाननंच पुण्याहून शोधून आणली होती. आधी लावून बघायची सोय नव्हती, कारण टीव्हीसमोरच्या कॉटवर आबा दिवसभर बसलेले असत. पण बघायचं काय होतं त्यात? शेवट तर माहीतच होता. दरवाजा उघडणार, आबा उठून उभे राहणार, त्यांचा ऊर भरून येणार, आणि तेवढ्यात आरती म्हणणार, आबा, माझं पण असंच आहे. सुदर्शनच्या शब्दाच्या वर घरात एकच शब्द होता, तो आबांचा.

"अगं, बस की तू बी," आबा दाराकडे बघून म्हणाले. साळुबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात परात घेऊन मासवडीचं सारण कालवत होती. पाव्हण्यांना मासवडी लागणारच होती.

"बघितलाय मी," ती म्हणाली.

"आगं, तंबूत बघितला. आता टीव्हीवर बघ."

"माणसं तीच आसत्याल की."

भागू आत्या, आबांची थोरली बहीण, सुपारीसाठी कालच येऊन दाखल झाली होती. ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि दर पाच मिनिटांनी म्हणत होती, "हौश्या, ह्यो मेलाय आता. हा नट. पेपरात आलं व्हतं." सुदर्शन आत-बाहेर करत होता. त्याला सिनेमाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचं लक्ष घड्याळाकडे आणि समोरच्या डेअरीकडे. गावच्या सोसायटीची निवडणूक तोंडावर होती आणि समोर रखमाजीचंच पॅनेल होतं.

दुसरी सीडी आरतीनं घातली. गडाला वेढा पडला. पाणी संपलं. सुभेदार एकटाच घोड्यावरून दरवाज्यापाशी आला. दरवाजा उघडला. ती समोर उभी.

आबा उठले. त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवलेल्या ताटलीतले चुरमुरे मुठीत घेतले. तंबूत तेव्हा साऱ्या गावानं पडद्यावर चुरमुरे आणि रेवड्या टाकल्या होत्या, अक्षता म्हणून.

"लावा लगीन!" आबा ओरडले. "भैरोबाच्या नावानं चांगभलं!"

चुरमुरे टीव्हीवर पडले. सिनेमा मात्र थांबला नाही. म्होरक्यानं तटावरून बंदूक उचलली. नेम सुभेदारावर होता, लेक मध्ये आली. ती पडली. सुभेदारानं तलवार फेकून दिली आणि मोकळ्या हातानं बंडखोरांच्या अंगावर चालत गेला. तोही पडला. बापानं तटावर डोकं आपटलं. मग पाटी आली, समाप्त.

टीव्हीवर दोघं मरून पडले होते आणि टीव्हीच्या डोक्यावर चुरमुरे होते.

"सीडी फॉल्टी हाय," आबा म्हणाले.

"आबा, सीडी..."

"फॉल्टी हाय म्हंतो ना. बदलून आण. आपल्या शिनिमात लगीन लागतं."

"न्हाई लागत," भागू आत्या म्हणाली. "कधीच लागत न्हवतं. नानांनीच त्ये रीळ लावू दिलं न्हवतं."

आबांनी वळून बघितलं.

"आदल्या साली यात्रेत कसला तरी शिनिमा लागला, त्यात सासू मेली, आनि दुसऱ्या दिशी शर्यतीत कुनाचा तरी बैल पडला. मग पंचांनी ठरवलं, देवाच्या यात्रेत मढं पडायचं न्हाई, पडद्यावर बी न्हाई. पंच कोन? आपलं नानाच. तंबूवाला आपल्याकडंच जेवायला व्हता. त्याला म्हनले, शेवटचं रीळ डब्यात ठिव, न्हाईतर तंबू उचल. मग त्यानं दरवाजा उघडल्यावर मशीन बंद केलं, माईकवर सांगितलं 'आणि दोघांचं शुभमंगल झालं' आनि सनईची तबकडी लावली. मी भाकऱ्या थापत ऐकत व्हते समदं."

"आनि मला कधी सांगितलं न्हाईस?"

"तू इचारलंस कधी? तू तर लगीन करून मोकळा."

आबा कॉटवर बसले. नानांनी त्यांच्या लग्नाला काय काय केलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. जेवण सोडलं, जमिनीतून नाव काढीन म्हणाले, विहिरीत उडी टाकायला काठापर्यंत जाऊन पाणी बघून परत आले. आणि हे लग्न लावलं कुणी म्हणायचं, तर त्यांनीच. आत्याला हसू आवरेना. तिनं पदर तोंडाला लावला.

सुदर्शनला मात्र ही आयती संधी दिसली. बेरकी माणूस. तो दारातून आत आला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "बघितलंस आरती? असल्या लग्नाचा खरा शेवट असा असतो. तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मला काय कळत नाय? सीडी कुणी आणली ते पण मला माहितेय."

"मला मंचरच्या पोराशी लग्न करायचं नाय," आरती म्हणाली. सगळं ठरवल्याप्रमाणे बोलायचं राहून गेलं होतं, म्हणून ती नुसतीच बोलली. "मला समाधानशी करायचंय. आबा, तुम्ही सांगा ना अण्णांना. तुम्हीच म्हणता ना, शिनिमात झालं..."

आबांनी टीव्हीकडे बघितलं. "आता मी कशाच्या जिवावर सांगू, पोरी?" ते म्हणाले. "शिनिमात झालंच न्हाई."

घरात आता तिच्या बाजूनं कुणी नव्हतं. आई आत रस्सा ढवळत होती, ती मध्ये पडणार नव्हती. तासाभरात भावकी जमायला लागणार, मग एकदा का सुपारी फुटली की फुटली.

"मला ठाऊक व्हतं," साळुबाई उंबऱ्यातून म्हणाली.

"काय ठाऊक व्हतं?" आबांनी विचारलं.

"मरत्यात ते. दोघं बी."

"तुला कुनी सांगितलं?"

"सांगतंय कोन? मी बघितला. यात्रा झाल्यावर तंबू ओझरच्या अंगाला गेला, माझ्या मावशीच्या गावाला. तिथं यात्रा न्हवती, सादा बाजार व्हता. तिथं त्यानं समदा दावला."

"आपल्या लग्नाच्या आदी?"

"तुमी हिरीवर येऊन लगनाचं बोलला, त्याच्या बी आदी."

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "आनि मी म्हनत व्हतो, शिनिमात लगीन लागतं, तवा तू काय म्हनली न्हाईस."

"तुमी लई तोंड भरून सांगत व्हता," साळुबाई म्हणाली. "तुमाला खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं. आनि मला तुमी पायजे व्हता. शिनिमा गेला चुलीत."

भागू आत्या खुर्चीतून पाय खाली घेऊन नीट बसली. त्या घरात असलं बोलणं कुणी कधी ऐकलं नव्हतं. आबांचे कान तांबडे झाले.

"पर आता बोलतेच," साळुबाईनं परात बाजूला सारली. "तुमी गावभर सांगता, आमचा शेवट ग्वाड झाला. तुमचा झाला. तुमी तुमच्या घरात ऱ्हायला, तुमच्या मानसांत. नाना दोन दिस जेवलं न्हाईत, तिसऱ्या दिशी माझ्या हातचं जेवलं. माझा बाप पुन्यांदा माझ्याशी बोलला न्हाई. बाजारात दिसला तर रस्ता बदलायचा. त्यो गेला तवा मी गेले, तर भाऊ दारात आडवा उभा ऱ्हायला. म्हनला, औटींची बाई आलीया, तिला भाईरनं बघू द्या. मी बापाचं तोंड उंबऱ्याच्या भाईरनं बघितलं. ह्यो सुदर्शन माझ्या कडंवर व्हता."

"मला कधी बोलली न्हाईस," आबा म्हणाले.

"तुमी रोज सांगत व्हता, शेवट ग्वाड झाला. मी म्हनायची, एकाचा तरी झाला."

आबा उठले. त्यांनी कॉटखालून चप्पल ओढली. "चल," ते म्हणाले.

"कुठं?"

"तुझ्या म्हायाराला. मी एकदा बी गेलो न्हाई. आता जाऊ. पाया पडतो त्यांच्या."

"कुनाच्या पडता?" साळुबाई म्हणाली. "भाऊ जाऊन चार वर्सं झाली. भावजय पोराकडं भोसरीला ऱ्हाती. घराला कुलूप हाय."

आबा एका पायात चप्पल घालून तसेच उभे राहिले. मग ते खाली बसले आणि सगळ्यांच्या देखत रडले. साळुबाई त्यांच्याजवळ गेली नाही. तिलाही रडू येत होतं, आणि थोडं बरंही वाटत होतं.

"आजी," आरती हळूच म्हणाली, "म्हणजे मी करू नको?"

"मी कुठं तसं म्हनले?"

"माझा पण शेवट वंगाळ झाला तर?"

"व्हईल बी. मी न्हाई म्हनत न्हाई. तुला करायचंय का, त्येवडं सांग. आबाच्या शिनिमावर जाऊ नगं आनि माझ्या रडन्यावर बी जाऊ नगं."

"करायचंय," आरती म्हणाली.

"मंग झालं." साळुबाईनं पदर खोचला. "माझं ऱ्हायलं ते ऱ्हायलं. हिला बापाचं तोंड भाईरनं बघायला लागू नये, येवडंच मला बघायचंय. मी रखमाजीकडं जाते बोलायला."

"आई!" सुदर्शन ओरडला. "अगं निवडणूक आहे पुढच्या महिन्यात. माझं पॅनेल काय म्हणेल? चेअरमननं पोरगी देऊन मिटवून घेतलं म्हणतील. आणि बायका कधी मागणं घालतात का?"

"म्हनू देत," साळुबाई म्हणाली आणि चपला घालायला लागली. आबांनी राहिलेली चप्पल पायात घातली आणि तिच्या मागं निघाले.

सुदर्शन फोनपाशी उभा राहिला. तो चिडला होता, आणि त्याला खरं तर काय झालं होतं ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. कडेवर होतो, आई म्हणाली. तो आठवायला लागला. आजोबांचा चेहरा आठवेना. मामाचाही आठवेना. मामा होता हेच त्याला नुसतं ऐकून माहीत होतं. त्यानं आरतीकडे बघितलं. उद्या हिनं आपलं ऐकलं नाही आणि समाधानशी लग्न केलं, तर काय करायचं ते त्यानं मनात कधीच ठरवून ठेवलं होतं. माझ्या दारात पाय ठेवायचा नाही. अगदी हेच शब्द. आता ते शब्द त्याला त्या न आठवणाऱ्या मामाच्या तोंडून ऐकू यायला लागले आणि त्याला भीती वाटली.

त्यानं मंचरला फोन लावला.

"पाव्हणं, निघू नका," तो म्हणाला. "नाय, मयत वगैरे काय नाय. पोरगी नाय म्हणतीय. ... हो, आत्ताच म्हणाली. ... तिला दुसरा पसंत आहे. ... इथलाच आहे. ... आमच्या विरोधातला." तिकडून फोन आपटल्याचा आवाज आला. "ठेवतो," सुदर्शन बंद फोनला म्हणाला.

स्वयंपाकघरातून आरतीच्या आईनं डोकं बाहेर काढलं. "मग एवढ्या मासवड्यांचं काय करायचं?" तिनं विचारलं. आरती एकदम हसली आणि मग आईच्या गळ्यात पडून रडायला लागली.

रखमाजी हाडवळे डेअरीच्या पुढच्या ओट्यावर कॅन धूत होता. चेअरमनचे आई-वडील रस्ता ओलांडून सरळ आपल्याकडे येताना बघून त्यानं नळ चालूच ठेवला. पारावरची माणसं उठून उभी राहिली होती. शेवटी समाधाननं येऊन नळ बंद केला आणि दोन खुर्च्या मांडल्या. आत चहा टाकायला सांगितलं गेलं.

"कसं काय आबा?" रखमाजी म्हणाला. "वाट चुकला?"

आबांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याकडे बोलायला एकच गोष्ट होती आणि ती आज सकाळीच गेली होती. साळुबाई बोलली.

"आमची आरती तुमच्या समाधानला द्यायची म्हनतोय. पोरांचं ठरलेलं हाय, तुला म्हाईत आसंल."

"म्हाईत हाय," रखमाजी म्हणाला. "पर काकी, माझ्या मागं निम्मं गाव हाय. त्यांना काय सांगू? औटींची पोरगी केली आनि बंड गुंडाळलं?"

"बंड कर की. दुधाचं कर, निवडणुकीचं कर, कोन नगं म्हनतंय? पर पोरीचा बाप तुझ्या घरात येऊन बसला पायजे आनि तू आमच्यात येऊन जेवला पायजे. सणाला पायजे, आजारपनात पायजे, कोन मेलं तर खांद्याला पायजे. ते जमत नसंल तर आत्ताच सांग. पोरीला किती बी रडू येऊ दे, मी देत न्हाई."

समाधान भिंतीला टेकून उभा होता. त्यानं बापाकडे बघितलं नाही, खाली बघत राहिला. चहा आला. आबांनी बशीत ओतला. साळुबाईनं कपाला हात लावला नाही.

"घ्या ना काकी. चहा घ्या आदी."

"आदी बोल."

रखमाजीनं ओल्या हातानं तोंड पुसलं. समोर, रस्त्याच्या पलीकडे, सुदर्शन आपल्या दारात येऊन उभा होता. त्याच्या मागं आरती. तो ना पुढं येत होता ना आत जात होता. पारावरचे लोक एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. सात वर्षांत रखमाजीनं त्याला हाक मारली नव्हती. बोलायचं झालंच तर 'समोरचे' म्हणायचा.

रखमाजी ओट्याच्या कडेला आला.

"ओ चेअरमन!" तो सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला. "तिथं काय उभं ऱ्हायलात? चहा गार व्हतोय!"

सुदर्शननं एकदा मागं वळून पोरीकडे बघितलं आणि रस्त्यावर पाय टाकला. तो पलीकडे पोचेपर्यंत साळुबाई थांबली. मग तिनं कप उचलला.